ह्यांचा दहा

दाराच्या आत हे हसले. मोठ्याने नाही. आधी नाकातून थोडा वारा सुटतो आणि मग मागून हसू येतं, तसं ह्यांचं एक हसू आहे. ते वर्षातून तीन-चारदा येतं, आणि आलं की पुढचे दोन दिवस मी ते मनात घोळवत राहते. मी बाहेर बाकावर बसले होते. ह्यांचा चष्मा, घड्याळ आणि कमरेचा पट्टा माझ्या मांडीवरच्या पिशवीत होता. आत ह्यांना डाव्या कुशीवर झोपवलं होतं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले होते. माणूस ज्या जागेचं नावसुद्धा चारचौघांत घेत नाही त्या वाटेने आधी भुलीची सुई टोचायची आणि मग प्रोस्टेटचे बारा बारीक तुकडे तपासणीसाठी काढायचे, असं ठरलं होतं. मी ह्यांच्या कण्हण्याची वाट पाहत होते. कण्हणं आलं असतं तर माझी तयारी होती. सकाळपासून मनात जप चालू होता तो त्यासाठीच. हसण्यासाठी मी काहीच तयारी केलेली नव्हती. जप तुटला. पुन्हा सुरू करायला गेले तर पहिला शब्दच सापडेना, आणि त्याच्या जागी एक अगदी साधा, बाजारी प्रश्न येऊन बसला. काय म्हणाली ती?

ती म्हणजे सिस्टर. पंचेचाळिशीची असेल. चष्मा डोळ्यांवर कमी आणि केसांत जास्त. नऊ पन्नासला तिनेच आम्हाला आत घेतलं, कागद पुढे ठेवले आणि दवाखान्याची रीत सांगितली. "भूल तेवढ्या जागेपुरतीच असते बरं का. माणूस अगदी जागा. तुकडा घेताना यंत्राचा खट् असा आवाज होतो. दुखत नाही, पण पुढच्या आवाजाची वाट बघत माणूस अंग आवळतो, आणि आवळलं की दुखतं. म्हणून आम्ही उशाशी एक माणूस बसवतो. त्याला काम एकच, बोलत राहायचं. आणि मधूनमधून विचारायचं, आत्ता किती दुखतंय? शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे आजवर सोसलेलं सगळ्यात मोठं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वहिनी, तुम्ही बसाल ना?" मी तिच्याकडे पाहिलं. माझं तोंड बंद होतं. बंद म्हणजे मिटलेलं नव्हे, नेमाने बंद. हे लगेच म्हणाले, "हिचं मौन असतं, बारापर्यंत. तिला राहू द्या." इतक्या सहज म्हणाले, जणू मला साखर चालत नाही असं कोणाला सांगत होते. सिस्टरने भुवया उचलल्या, चष्मा केसांतून काढून डोळ्यांवर घेतला, मला एकदा नीट पाहिलं आणि परत केसांत खोचला. "मग मी बसते," ती म्हणाली. "माझं काही मौनबिन नाही हं. माझी आई म्हणायची, हिच्या तोंडाला झाकण द्यायला देव विसरला." तेव्हा हे हसले नव्हते. नुसते ओठ हलले होते. हसले ते आत गेल्यावर, दार लागल्यावर, मी नसताना.

मौन मी एकोणीस वर्षं पाळते. आधी ते साडेसहा ते नऊ होतं. पहाटे आंघोळ, दिवा, मग अडीच तास शब्द नाही. कोणाला त्रास नव्हता. हे आपला चहा आपण करून घ्यायचे, पेपर वाचायचे, आणि नवाला मी बाहेर आले की मला दिवसाचा पहिला शब्द त्यांच्याशी बोलायचा असायचा म्हणून थांबायचे. हे त्यांनी कधी सांगितलं नाही, पण नऊच्या आधी ते घराबाहेर पडल्याचं मला आठवत नाही. ग्रंथालयात मी फाटकी पुस्तकं दुरुस्त करते. खळ, दोरा, सुई, पातळ कागदाच्या पट्ट्या. तिथे तसंही बोलणं लागत नाही. दोन महिन्यांपूर्वी ह्यांच्या रक्ताच्या तपासणीत प्रोस्टेटचा आकडा वाढलेला निघाला आणि डॉक्टर म्हणाले तुकडा काढून बघू, त्या दिवशी मी मौन बारापर्यंत नेलं. इतकंच नाही, पूर्वी अडलं तर चिठ्ठीवर दोन शब्द लिहायची, तेही सोडलं. खुणाही सोडल्या. माझ्या नणंदेला हे कळलं तेव्हा ती फोनवर म्हणाली, "वहिनी, म्हणजे बारापर्यंत देवाची आणि बारानंतर माझ्या भावाची, असंच ना? वाटणी बरी आहे गं. पण चांगले तास त्याला गेले." मी हसण्यावारी नेलं. देवाकडे मी काही मागितलं नाही, नुसतं वाढवलं, असं मी स्वतःला सांगत होते. पण मागितलं होतंच. ह्यांना दुखू नये. एवढंच मागितलं होतं. आणि आता ते मिळत होतं. आत ह्यांना दुखत नव्हतं, हे हसत होते. माझ्या हाकेला देवाने ओ दिली होती, पण दिलं ते तिच्या हातात. मी मात्र बाहेर बाकावर पट्टा सांभाळत बसले होते.

शेजारी एक म्हातारा होता. आयुष्यभर बस चालवली असं त्यानेच सांगितलं. मेव्हण्याला घेऊन आला होता. मेव्हण्याचा नंबर ह्यांच्यानंतर. मेव्हणा समोरच्या खुर्चीत पाय जुळवून, परीक्षेला बसल्यासारखा बसला होता. "घाबरू नको रे," बसवाला त्याला म्हणत होता, "बारा टोचण्या. आपल्या जुन्या रस्त्यावर बाराच खड्डे होते. मोजत जायचं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमचे आत आहेत का?" मी मान खाली घातली. मान हलवणंही मी सोडलं होतं. "यांना वाईट वाटतंय," तो मेव्हण्याला म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "पाणी हवंय का, बाई?" मी खालीच पाहत राहिले. मग त्याला काहीतरी उमजल्यासारखं झालं आणि तो मेव्हण्याच्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू येईल असं बोलला, "रागावल्यात. तुझी बहीण अशीच बसते. तीन तीन दिवस." मेव्हणा पहिल्यांदाच जरा सैल झाला. "मग तू काय करतोस?" "काय करणार? मी गाडीवर जातो. गाडीत पन्नास माणसं बोलायला." मला वाटलं, सांगावं त्याला की मी रागावलेली नाही, हा नेम आहे. आणि मग लक्षात आलं की सांगता आलं असतं तरी ते खरं ठरलं नसतं. मी रागावलेलीच होते.

दार जाड होतं पण खालून बोटभर फट होती, आणि त्या फटीतून बोलण्याचे तुकडे येत होते. डॉक्टरांचा आवाज नव्हताच जवळजवळ, एक-दोनदा "आता थोडं टोचेल, हं" आणि "पाच मिनिटं थांबू, भूल चढू दे." बाकी सगळी तीच. तिची मुलगी कुठे शिकते, तिच्या गच्चीवर पाण्याची टाकी कशी गळते, नळदुरुस्तीवाला तीनदा येऊन कसा गेला. मधूनच, "आत्ता किती?" आणि ह्यांचा आवाज, विचार करून आलेला, "साडेतीन." मी ताठ झाले. तिचं हसणं. "अहो, साडेतीन कसले? आमच्या कागदावर अर्धा नाही. तीन लिहू की चार?" आणि हे म्हणाले, "खाली धरा. शंका आली की फायदा गिऱ्हाइकाला." आणि मग तेच, नाकातलं, मागून येणारं.

साडेतीन! माझ्या बाजूने तो आकडा वाचायला हवा. हे वजनमापं तपासायच्या कचेरीत होते, पस्तीस वर्षं. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पेटीत मखमलीवर पितळी वजनं, आणि ती चिमट्याने उचलायची. बोटांनी नाही, कारण बोटाचा घाम लागला तरी वजन चढतं. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी मला कचेरी दाखवली तेव्हा मी सहज एक वजन उचलायला गेले, तर ह्यांनी माझा हात नुसता हवेत थांबवला होता, न धरता. ह्या माणसाच्या तोंडून आकडा निघाला तर तो खरा असतो. तीन म्हणायचं असतं तर तीनच म्हणाले असते. म्हणजे ते स्वतःच्या आत गेले होते, दुखणं चिमट्याने उचलून तराजूत टाकलं होतं, काटा स्थिर होईपर्यंत थांबले होते, आणि मग तिला सांगितलं होतं. मला त्यांनी चौतीस वर्षांत दुखण्याचा एकच आकडा सांगितला आहे. काही नाही. दाढ काढली, काही नाही. स्कूटरवरून पडले, कोपर सोललं, काही नाही. आई गेली तेव्हा तीन दिवस जेवले नाहीत, मी विचारलं, तर काही नाही. मी ते खरं धरत गेले. मला वाटायचं, हा माणूसच असा आहे, ह्याला आतून दुखतच नसावं. काही लोकांना गंध येत नाही तसं. आणि त्याचं मला जरा कौतुकही होतं. आता कळत होतं की त्यांच्याकडे अर्ध्या आकड्यापर्यंतचा तराजू होता. फक्त तो मी घरी असताना पेटीत असायचा.

खट्. मी ऐकला तो आवाज. कागदाला भोक पाडायच्या यंत्रासारखा. "एक," ती म्हणाली. "हे पहिलं झालं. किती?" "एक." "नुसता एक?" "नुसता." खट्. मला तिच्या हाताचा विचार छळू लागला. तो कुठे असेल? उशाशी बसणारा माणूस हात कुठे ठेवतो? ह्यांच्या खांद्यावर असेल. किंवा ह्यांनीच धरला असेल; माणूस धरतो. तिची काम केलेली, साबणाने कोरडी झालेली बोटं, आणि ह्यांची, चिमट्याशिवाय कशाला न लागणारी. मी किती वर्षांत ह्यांचा हात धरला नव्हता ते आठवायला लागले आणि मग सोडून दिलं, कारण आठवलं असतं. खट्. खट्. सातव्याला ती म्हणाली, "आता हे जरा कडेचं आहे हं, किती?" आणि हे म्हणाले, "अडीच. पण तुम्ही ते टाकीचं पुढे सांगा ना." त्या पाण्याच्या टाकीचा मला असा राग आला की पिशवीतला पट्टा मी मुठीत आवळला. देवाला मत्सर नसतो म्हणतात. त्याला कोणाच्या दाराबाहेर बसावं लागत नाही.

बाराव्या आवाजानंतर थोड्या वेळाने दार उघडलं आणि ती बाहेर आली, चष्मा केसांत, हातात फळीला लावलेला कागद. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. "झालं बरं का, वहिनी! एकदम छान. एकदाही हलले नाहीत. डॉक्टर म्हणाले, असा पेशंट रोज द्या." ती माझ्या शेजारी धपकन बसली. तिच्या अंगाला जंतुनाशकाचा आणि गोळीतल्या पुदिन्याचा वास होता. "लघवीतून दोन-तीन दिवस रक्त दिसेल, घाबरायचं नाही. जळजळ होईल. भरपूर पाणी. ताप आला, थंडी वाजली तर मात्र वाट बघायची नाही, सरळ निघून यायचं. रिपोर्ट आठ दिवसांनी. इथे मी लिहून ठेवलंय सगळं, तुम्ही बोलत नाही म्हणून." आणि मला कागद दिला. खालच्या बाजूला सूचना होत्या, तिच्या गोल, मुलींच्या शाळेतल्या अक्षरात. वर आकड्यांची ओळ होती. सोनोग्राफीची नळी घालताना चार. सुई, साडेतीन, तिने शेवटी साडेतीनच लिहिलं होतं, अर्धा वेगळा काढून, ह्यांच्या मनासारखा. मग एक, एक, दोन, एक. आणि सगळ्यात वर एक रकाना: पेशंटचा दहा. "ते आम्ही आधी विचारून घेतो," ती म्हणाली. "ज्याचा त्याचा दहा वेगळा ना. कोणी हात मोडलेला सांगतं, कोणी काय. ह्यांनी मुतखडा सांगितला. पावणेसात ते नऊ! मी म्हटलं, अहो, मिनिटं कशी लक्षात? तर म्हणाले, घड्याळच बघत होतो, ही नवाला बोलते." ती माझ्या गुडघ्यावर थोपटून हसली. "किती जपतात हो तुम्हाला! नाहीतर आमच्याकडचे, शिंक आली तरी हाका मारतील. तुम्हाला तर माहीतच आहे म्हणा."

मला माहीत नव्हतं.

आणि तरी माहीत होतं. ती सकाळ मला माहीत होती. अकरा वर्षांपूर्वीची. मी ती विसरणं शक्यच नाही, कारण एकोणीस वर्षांत माझं मन जर कधी पूर्ण लागलं असेल तर त्या सकाळी. एरवी मौनात सुद्धा डोकं बडबडत असतं. दूध, खळ संपली, नणंद काय म्हणाली. त्या दिवशी पावणेसातच्या सुमारास सगळं खाली बसलं, गढूळ पाणी ठेवून दिलं की बसतं तसं. घरात काही आवाज नव्हता. चहाचं भांडं वाजलं नाही, पेपरचं पान उलटलं नाही. मला त्या शांततेचं इतकं अप्रूप वाटलं की ती मला देवानेच मुद्दाम दिली आहे असं मी समजले. नवाला उठले तर मला हलकं, धुतल्यासारखं वाटत होतं. हे न्हाणीघरातून बाहेर आले. तोंड पांढरं होतं, सदऱ्याची पाठ ओली. मी दिवसाचा पहिला शब्द बोलले. काय बोलले? "आज किती छान वाटतंय." हे म्हणाले, "हो का?" मी विचारलं, "तुम्हाला बरं नाही का?" हे म्हणाले, "काही नाही. पोट जरा बिघडलंय." मी ताक... नाही, कोमट पाणी दिलं, बस्स. नंतर कित्येक वर्षं मन लागेना झालं की मी त्या सकाळीकडे जायची, तिच्या काठाशी बसायची. ती शांतता त्यांची होती. भिंतीपलीकडे, न्हाणीघराच्या फरशीवर, तोंडात पंचा धरून, घड्याळाकडे बघत सव्वादोन तास त्यांनी ती केली होती, हाताने, माझ्यासाठी. मी ती देवाची समजून घेतली. आणि आता ती ह्या बाईच्या फळीवर, एका रकान्यात, पुदिन्याच्या वासाशेजारी होती. सूचनांची झेरॉक्स देते म्हणत तिने कागद मागितला तेव्हा माझ्या हातून तो लवकर सुटला नाही. तिला तो जरासा ओढावा लागला.

मग ह्यांना शेजारच्या खोलीत आणून बसवलं. लघवी होईपर्यंत घरी सोडत नाहीत. हातात चहाचा कप, खांद्यावर चादर, चष्मा नसल्यामुळे चेहरा उघडा पडल्यासारखा. मी चष्मा दिला, घड्याळ दिलं. "बसलीस ना नीट?" ह्यांनी मला विचारलं, मीच टेबलावरून उतरले असल्यासारखं. घड्याळ मनगटावर बांधताना त्यात अकरा पंचवीस झाल्याचं मला दिसलं. पस्तीस मिनिटं. तोंडात प्रश्न धरून मी त्यांच्यासमोर बसले. मौन तेव्हाच मोडायला हवं होतं. कोण अडवत होतं? पण मी नाही मोडलं, आणि का नाही, ते सांगायला मला आजही जड जातं. नेमाचा तो अर्धा तास देवाचा नव्हता. बसवाला म्हणाला होता तोच होता तो. मी रुसले होते आणि रुसव्याला नेमाचं पांघरूण घातलं होतं. सिस्टर दोनदा आत आली. एकदा ह्यांच्या कपाळाला हात लावून गेली, हाताची पाठ, अगदी सवयीने. एकदा दारातूनच, "साहेब, आत्ता किती?" आणि हे चहाच्या कपावरून तिला, "एक. खाली सरकतोय काटा," आणि माझ्याकडे बघून हसले, मीही त्या गमतीत आहे असं धरून. मी नव्हते.

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले. ते दोन मिनिटं पुढे आहे, हे म्हणाले. ह्यांना असलं दिसतं. मी दोन मिनिटंही थांबले. आणि मग एकोणीस वर्षं दिवसाचा पहिला शब्द जपून वापरणाऱ्या माझ्या तोंडून तो निघाला तो असा: "तिला कशाला सांगितलंत?"

"काय?"

"मुतखड्याचं. मला नाही, तिला. दोन तासांची ओळख."

हे कपाच्या तळाकडे बघत राहिले. त्यांना वाईट वाटलं, राग आला, की नुसता प्रश्न तपासत होते, कळलं नाही. "तिने विचारलं," हे म्हणाले.

"मीही विचारलं होतं. त्या दिवशी. बरं नाही का म्हणून."

"ते नवाला विचारलंस," हे म्हणाले. आवाजात काटा नव्हता. वजन बरोबर आहे की नाही एवढंच सांगावं तसं. "नवाला खडा सरकला होता. नवाला खरंच काही नव्हतं गं."

टॅक्सीने घरी निघालो. खड्डा आला की ह्यांची बोटं सीटच्या कडेवर आवळायची आणि सैल व्हायची. मी ती मोजत होते. घरी आल्यावर नणंदेचा फोन आला. तिला हे म्हणाले, "काही नाही, ठीक आहे सगळं," आणि फोन माझ्याकडे दिला. "खरं सांग, वहिनी," ती म्हणाली, "फार दुखलं का त्याला?" "नळी घालताना चार," मी म्हणाले, "सुईला साडेतीन. पुढे एक-दोन." पलीकडे तिने ते आकडे हळूच पुन्हा म्हटले. मग म्हणाली, "अगंबाई! तुला सांगितलं त्याने?" मी हो म्हणाले. देवादेखत मी खोटं बोलले, आणि त्या खोट्यात इतकी गोडी होती की मी फोन ठेवल्यावरही तशीच उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी दिवा लावून बसले. वाटलं होतं, आज तरी मन स्वच्छ करून टाकावं, तिला क्षमा करावी. पण क्षमा करायला तिने माझं केलं होतं काय? तोंड देवाकडे होतं आणि कान पाठीला लागले होते. हे उठले. पलंग करकरला. पावलं न्हाणीघराकडे गेली, दार लागलं. मग काही नाही. पाणी नाही, खोकला नाही. ती शांतता मी ओळखली. अकरा वर्षं जिच्या काठाशी जाऊन बसत होते तीच, अंगाची, वासाची, सगळी तीच. ती पुन्हा माझ्यापुढे आणून ठेवली जात होती, आणि मी फक्त बसून राहिले असते तर ती मला पुन्हा मिळाली असती.

मी उठले. दाराशी गेले. "अहो," मी म्हणाले. त्या वेळेला माझा आवाज कसा असतो हे मला माहीत नव्हतं. जाड होता, झोपेतल्या दुसऱ्याच बाईचा. आत काहीतरी पडलं. "काय झालं?" हे घाबरून म्हणाले. "तुला काय होतंय? अगं, साडेसहा-पावणेसातच झालेत!"

"मला काही होत नाही. तुम्हाला किती दुखतंय?"

"काही नाही."

"आकडा सांगा."

 "दोन," हे म्हणाले.

मला बरं वाटायला हवं होतं. दोन. माझा पहिला आकडा. पण मी चौतीस वर्षं त्या माणसाच्या आवाजाशेजारी झोपले आहे. "आणि तिने विचारलं असतं तर?"

आता खूप वेळ गेला. नळाचा एक थेंब पडला, मग दुसरा. हे वजन करत होते. बंद दारातूनही मला ते दिसत होतं.

"साडेचार," हे म्हणाले. "जळजळतंय. आणि रक्त बघून जरा हबकलो. असणार म्हणाली होती ती, पण लाल असतं गं खूप."

दोन आणि साडेचार. मधले अडीच अजूनही तिचेच होते. ते मला असे झोंबले की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी ह्यांच्यासाठी होतं की माझ्यासाठी, ते मी त्या दिव्यासमोर सुद्धा सांगू शकले नसते. "दार उघडा," मी म्हणाले. "मला बघू दे."

"कडी लावलेली नाहीये," हे आतून म्हणाले. "त्या दिवसापासून लावतच नाही मी. म्हटलं, पुन्हा कधी तसं झालं तर तुला येता येईल."

अकरा वर्षांत मी ते दार एकदाही ढकलून पाहिलं नव्हतं. नेहमी टकटक केली होती, थांबले होते. हे सिस्टरला माहीत नव्हतं, कुठल्या रकान्यात नव्हतं. मी दारावर तळहात टेकला आणि ढकललं.